खुंटाखालचं रान

राब भाजायचा तो सकाळी. डोंगरावरून उतरणारा वारा पडलेला असतो आणि दर्याकडचा अजून सुटलेला नसतो, त्या मधल्या वेळात. ऐनपाड्यात हे कुणी कुणाला शिकवत नाही, पोरी आयांच्या मागे हिंडता हिंडता शिकतात. भाताचं बी जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, फांद्या, पाला, गवत असे थर रचायचे, वरून माती दाबायची आणि पेटवून द्यायचं. जमीन भाजली की तण मरतं आणि रोप जोमाने येतं. सोमीने आजवर इतके राब भाजले होते की त्यात काही चुकू शकतं हेच ती विसरून गेली होती.

त्या दिवशीही तिचा राब वेळेत भाजून झाला. धूर बसला. तिने काठीने कडा उकरून पाहिल्या, कडेने हंडाभर पाणी शिंपडलं आणि फोन कमरेला खोचून ती कातळावर गेली. ऐनपाड्यात रेंज मिळते ती त्या एका कातळावरच. तिचा नवरा जिव्या मुरब्याच्या बंदरातल्या एका बोटीवर खलाशी होता, आणि बोट बंदराला लागली की तो फोन करायचा. त्या दिवशी तो बोटीवरच्या तांडेलाची, म्हणजे मुख्य नावाड्याची, नक्कल करत होता आणि सोमी पदर तोंडाला लावून हसत होती. पुढे हे हसणंच तिला सगळ्यात महाग पडलं, कारण विहिरीवर आलेल्या अर्ध्या पाड्याने ते पाहिलं होतं.

हसता हसता तिच्या कपाळावरचे केस उडाले. दर्याचा वारा सुटला होता. तिने सहज खाली राबाकडे बघितलं आणि फोन कानालाच राहिला.

मातीखाली एक शेणी धुमसत राहिली होती. वाऱ्याने ती फुलली आणि कडेच्या वाळक्या गवताला लागली. राबाच्या वर बांध, बांधाच्या वर गवत आणि गवताच्या वर राखण.

राखण म्हणजे पाड्याने राखलेलं रान. पूर्वी तो डोंगर बोडका होता, तोडून तोडून बोडका केलेला. पावसाळा सरला की पाड्याची विहीर खरवडायची वेळ यायची. मग रामू नावाच्या म्हाताऱ्याने हट्टाने सगळ्यांना एकत्र बसवलं आणि डोंगराची ती बाजू बंद केली. कोयती न्यायची नाही, बकऱ्या न्यायच्या नाहीत, घरटी एकाने पाळीपाळीने राखायचं. जुन्या मुळांतून आणि पडलेल्या बियांतून ऐन आला, साग आला, खैर, धावडा, मोह आला. काही रोपं रामूने स्वतःच्या डोक्यावरून वाहून लावली. आता कुठे ती झाडं माणसाच्या डोक्याएवढी उंच झाली होती आणि विहिरीला उन्हाळ्यातही पाणी राहू लागलं होतं.

सोमी कातळावरून धावत सुटली ती पडत, खरचटत, ओरडत. "आग! आग लागली गे!" तिचा आवाज तिलाच कुणा दुसऱ्याचा वाटला. पाडा धावला. बाया-बाप्ये ओल्या फांद्या तोडून आग झोडपत होते, पण वारा पाठीमागून होता आणि गवत कमरेएवढं. आग झाडांवर चढत नव्हती, पायातून पळत होती. कोवळे दांडे तडतडत होते. एक ससा धुरातून निघून सोमीच्या पायाला धडकला आणि पुन्हा धुरातच घुसला. डोंगराच्या वरच्या अंगाला कातळ लागला, कडेला पायवाट होती, म्हणून आग थांबली. माणसांनी ती विझवली असं म्हणायला फारसा अर्थ नव्हता.

धूर निवळल्यावर रामू पायवाटेवर बसलेला दिसला. त्याची प्लास्टिकची चप्पल वितळून तळपायाला चिकटली होती. काशीबाय, शेजारची विधवा, चाकूच्या टोकाने ती सोडवत होती आणि कातडीही सोबत येत होती. रामू ओरडला नाही. तो राखणीकडे बघत होता. हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं, नुसते काळे दांडे उभे होते.

सोमी जवळ गेली.  काशीबायने मान वर केली.

"झाला बोलून नवऱ्यासंगं?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळे आंब्याखाली बसले. सोमी कडेला उकिडवी बसली होती. तिची पोरगी दीपा बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला जायची, ती त्या दिवशी कामावर न जाता आईच्या मागे उभी राहिली. रामूचा पाय पाला बांधून गाठोड्यासारखा झाला होता.

"मुद्दाम लावली असं कुनी म्हनत नाय," रामू म्हणाला. "पण रान तर गेला."

"मी कडा बघितल्या व्हत्या, रामूबाबा. पानी टाकला व्हता."

"मंग कातळावर कशाला गेली? राब थंड व्हयपरत राबावरनं उठायचा नाय, हे तुला म्या सांगू?"

सोमी खाली बघत राहिली. 

कुणी म्हणालं, घराला दंड लावा. कुणी म्हणालं, दंडाने काय झाडं येणार हायत? बराच वेळ नुसती कुजबुज चालली. शेवटी रामूनेच सांगितलं, "आवणीपरत बघू. रान जितं निघाला तर काय बोलायचा नाय. नाय निघाला, तर ह्या घराची सावड सुटली."

सावड सुटली म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला लवकर कळायचं नाही. भाताची आवणी, म्हणजे रोपं उपटून खाचरात लावायचं काम, एका घराच्या हातून होत नाही. पाऊस सांगेल तेव्हा चार दिवसांत उरकावं लागतं. आज सगळा पाडा तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, असं ते चालतं. माणसाला वाळीत टाकणं कायद्याने बंद आहे आणि ऐनपाड्यात तो शब्द कुणी तोंडातून काढतही नाही. आवणीला फक्त कुणी येत नाही. रोपं राबावरच पिवळी पडतात, घरात भात येत नाही, आणि ज्या घराला एकदा सावड नाही त्या घरी लग्नाला, मयताला जायलाही लोक कचरतात. सोमीच्या आईच्या पाड्यात असं एक घर होतं. लहानपणी त्या घरासमोरून जाताना सोमी पळत जायची. 

आठवड्याभरात वनरक्षक आला. धीरज त्याचं नाव, केळव्याचा, मोटारसायकलवरून यायचा. राखण त्याच्या हद्दीत नव्हती, तरी धूर कुठला ते बघायला आला होता. सोमी, रामू आणि आणखी दोघं-तिघं त्याच्याबरोबर वर गेले. पायाखालची राख अजून मऊ होती आणि पावलागणिक नाकात जात होती. धीरजने एका ऐनाच्या दांड्याची साल नखाने खरवडली. आतलं तपकिरी, सुकं. तो खाली बसला, बुंध्याजवळची राख बाजूला सारून त्याने मातीलगत खरवडलं. तिथे किंचित ओल होती, फिकट हिरवी.

"वरचं गेलं," तो म्हणाला. "खालचं बहुतेक असेल."

"बहुतेक?" सोमीने विचारलं.

"बहुतेक. मुळात काय साठवण आहे ते मला वरून कसं दिसणार, मावशी? पण एक करा. हे जळके दांडे जमिनीबरोबर तोडून टाका. धारदार कोयतीने, एका घावात, जरा तिरके. दांडा उभा राहिला तर मूळ त्यालाच जगवायला बघतं, मध्येच कुठेतरी वाकडातिकडा कोंब काढतं आणि दमून मरतं. तोडलं तर सगळा जोर खालून एका फुटव्यात येतो. पाऊस पडायच्या आधी तोडा."

रामूचा चेहरा आक्रसला. "जळला तो जळला, आता त्याच्यावर कोयती पन चालवायची? ह्या रानात कोयती आनायची नाय म्हनून आमी इतकी वर्सं राखला, साहेब."

"आम्ही आमच्या रोपवनात असंच करतो, बाबा. तिकडे फुटतात. तुमच्या इथली झाडं किती जून आहेत, मुळं किती खोल गेलीत, ते मी नाही सांगू शकत."

धीरज गेला. बाकीचे उतरले. पायवाटेला लागल्यावर रामू काठीवर रेलून थांबला.

"आमी राबासाठी ऐन छाटतो तो फुटतो, ते मला ठावं हाय. पण तो जून ऐन. ही पोरं हायत. पाडा तोडनार नाय. तुला तोडायचा आसंल तर तू तोड, सोमे. पण मंग फुटला नाय, तर आगीने मेला असं सांगायचा नाय. तुझ्या कोयतीने मेला."

 त्या दिवसापासून भाकरी थापताना सोमी मध्येच थांबायची. आग तर चुकून लागली होती, हे सगळे मानत होते. पण कोयती चुकून चालत नाही. न तोडता गप्प बसावं तर रान मेलं तरी निदान एकच पाप. तोडावं, तर जगलं तर जगलं, नाहीतर दोन. ती रोज एकटीच वर जायची आणि दांड्यांच्या बुंध्याशी नख लावून बघायची. पहिल्या दिवशी जी ओल होती ती दर दिवशी थोडी कमी लागते असं तिला वाटायचं. खरंच कमी होत होती की भीतीने तसं वाटत होतं, देव जाणे. शेवटी एका सकाळी तिने कोयती दगडावर घासायला घेतली. दीपा बघत राहिली.

"आये, इचार केला का?"

"इचार करून करून ती सुकतील," सोमी म्हणाली.

पहिल्या झाडापाशी तिने कोयती अर्ध्या जोराने चालवली. घाव उथळ बसला, दांडा तिरपा चिरला गेला आणि खुंट फाटला. फाटलेल्या खुंटात पाणी शिरतं आणि तो कुजतो, एवढं तिलाही कळत होतं. एक गेलं, असं ती मनात म्हणाली आणि रडू आवरून पुढच्याकडे वळली. दुसऱ्याला तिने बुंधा डाव्या हाताने धरला, कोपर पोटाशी घेतलं आणि श्वास रोखून घाव घातला. दांडा हातात आला. खुंटाचं तोंड फिकट, ओलसर होतं. निदान तेवढं तरी.

मग ते रोजचं काम झालं. उजाडलं की वर, ऊन डोक्यावर आलं की खाली, उन्हं कलली की पुन्हा वर. वाकून वाकून कंबर अशी धरायची की उभं राहताना हात जमिनीला टेकवावा लागायचा. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. काजळी घामाबरोबर डोळ्यांत उतरायची आणि रात्री थुंकी काळी पडायची. रविवारी दीपा यायची, कापलेले दांडे ओढून उतारावर आडवे रचायची, म्हणजे पावसात माती वाहून जाऊ नये. खैराच्या काटेरी फांद्या पायवाटेच्या बाजूला लावून दोघींनी कुंपणासारखं काहीतरी उभं केलं.

पाडा खालून बघत होता. राखणीतून कोयतीचा आवाज येतोय हेच पाड्याला सहन होत नव्हतं. सोमी विहिरीवर गेली की बायांचं बोलणं थांबायचं. एकदा काशीबाय हंडा उचलता उचलता म्हणाली, "बरा जमला तुझा. आदी जाळायचा, मंग तोडायचा. पावसाळ्याभराचा सरपन झाला."

सोमीच्या कानशिलाखाली आग झाली. त्या रानातली एक काटकी तिने घरी आणली नव्हती. खरं तर घरातलं सरपण कधीच संपलं होतं आणि ती शेणी नि भाताचा पेंढा जाळून कशीबशी चूल पेटवत होती, धुराने डोळे सुजले होते. पण चुलीत एक काळा दांडा दिसला असता तरी पुरे होतं. ती हंडा घेऊन निघाली. ज्याच्या हातून रान जळलं त्याला रागवायचाही हक्क राहत नाही.

तोडून झालं. आता बघायचं, एवढंच काम उरलं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. डोंगराच्या त्या बाजूला आता उभं असं काहीच नव्हतं, फक्त खुंट. ऊन इतकं तापायचं की कातळावर अनवाणी पाय ठेववत नसे. सोमी खुंटाखुंटापाशी बसायची. काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, काही नाही. एक दिवस लांबून हिरवं दिसलं म्हणून ती धापा टाकत गेली, तर तो पळस. पळस काय, खडकातही फुटतो, त्याला कोण मोजतो. रात्री झोपेत तिला आपण राखणीत कोयती चालवतोय असं दिसायचं आणि दांड्यातून रक्त यायचं. ती उठून बसायची, दीपाच्या अंगावरची गोधडी सारखी करायची आणि तशीच बसून राहायची.

एका दुपारी तिला ते सहन झालं नाही. तिने एका ऐनाच्या खुंटाभोवतीची माती कोयतीच्या टोकाने उकरायला सुरुवात केली. थोडंसंच बघायचं, असं ती स्वतःला सांगत होती. बोटाएवढं खणलं, काही कळेना. आणखी खणलं. माती कडक होती, मुळं दगडांत घुसली होती. ओढल्यावर कुठेतरी काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि खुंट मुळासकट तिच्या हातात आला.

मूळ जाड होतं, मनगटाएवढं. रताळ्यासारखं फुगलेलं, ओलं, आतून पांढरं. आणि खुंटाच्या खाली, जिथवर माती होती तिथे, सालीतून एक कोंब बाहेर निघाला होता. भाताच्या दाण्याएवढा, गुलाबी. अजून दोन-चार दिवसांत तो माती फोडून वर आला असता.

सोमीने तोंडावर हात दाबला. ते झाड जिवंत होतं आणि तिनेच ते आत्ता मारलं होतं. तिने घाईघाईने ते परत खड्ड्यात उभं केलं, माती लोटली, पाण्याची बाटली होती ती सगळी ओतली, तळव्यांनी माती दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. कुणी बघितलं तर काय म्हणेल, याचीही तिला शुद्ध नव्हती. "ऱ्हा रे, ऱ्हा रे बाबा," असं ती त्याला म्हणत होती, पोराला म्हणावं तसं. ते राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी खुंट सुकून वाजायला लागला. पण त्यानंतर तिने कोणत्याही खुंटाला बोट लावलं नाही. मातीखाली काय चाललंय ते तिने बघितलं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगायचं तर एक झाड उपटलं हेही सांगावं लागलं असतं.

पावसाळ्याआधी मासेमारी थांबून बोटी किनाऱ्यावर ओढल्या गेल्या तेव्हा जिव्या घरी आला. मिठाने ओठ फुटलेले, अंगाला सुक्या मासळीचा वास. त्याने राखणीकडे एकदा बघितलं आणि ओट्यावर बसून राहिला. फोनवर त्याला सगळं कळलं होतं, पण बघितलं आज.

"चल इथनं," तो संध्याकाळी म्हणाला. "केळव्याला नारळीच्या वाडीत कामाला मानसं लागतात. राहायला खोली देतात. दीपाला पन तिथनं बोईसर लांब नाय. इथं कुनाची तोंडं बघत बसायची?"

"आनि राब? भात?"

"कोन लावनार भात? तू, मी नि पोरगी? सावड सुटलीच म्हनून समज."

"सुटली नाय अजून."

"सोमे, मला भ्या वाटतो," जिव्या म्हणाला. आयुष्यभर वादळात बोटीवर काढलेल्या माणसाच्या तोंडून सोमी हे पहिल्यांदाच ऐकत होती. "लोक बोलत नायत ते मला नाय सोसायचा. दर्या तरी बोलतो."

"मना बी वाटतो," ती म्हणाली. "पण तोडून पळाली असा नाय व्हायला पायजे. फुटू दे नायतर मरू दे. मी बघूनच जाईन."

त्याच आठवड्यात, ढग डोंगरावर टेकायला लागले तेव्हा, ऐनाने पहिल्यांदा माती फोडली. मग सागाने. सागाची पानं लालसर, मऊ, बोटांत चुरली की बोटं लाल करणारी. एका खुंटातून एक, दुसऱ्यातून चार, काहीतून काहीच नाही. खैर बरेचसे गेले होते. फाटलेला तो पहिला खुंट कुजला. पण उताराच्या मधल्या अंगाला तर कोंबांची गर्दी झाली होती. सोमी तिथे गुडघ्यांवर बसली आणि कितीतरी वेळ हलली नाही.

रामू काठी टेकत वर आला. त्याचा पाय बरा झाला होता, पण चालताना तो अजून टाच टेकवत नव्हता. त्याने फिरून सगळं पाहिलं, काही खुंटांवरचे जास्तीचे कोंब खुडून एकेक ठेवला. 

"आता खरा भ्या, सोमे," तो म्हणाला. "आतापरत मेलेला व्हता, मेलेल्याला कोन खातो? आता जिता झाला. मुळातला व्हता नव्हता तो सगळा वर काढलाय त्याने. आता ह्यो कोंब कुनी खाल्ला, तुडवला, नायतर पुन्हा आग लागली, तर दुसऱ्यांदा उठायला त्याच्याकडं कायपन नाय."

सावडीचं तो काही बोलला नाही. सोमीनेही विचारलं नाही. विचारायची तिला भीती वाटली.

म्हणून ती राखायला लागली. कोवळ्या पाल्याचा वास बकऱ्यांना कुठून कुठून लागतो. पहिल्यांदा काशीबायच्याच बकऱ्या कुंपणाच्या फटीतून आत शिरल्या. सोमीने त्यांना हाकललं, दगड मारला नाही. काशीबाय पायवाटेवर उभी राहून बघत होती.

"आता तूच राखनदार का?" ती म्हणाली.

"पाळी कुनाची व्हती ते मना ठावं नव्हता," सोमी म्हणाली. "दिसल्या म्हनून काढल्या."

काशीबायने बकऱ्या वळवल्या आणि ती गेली. त्या दिवशी पाळी काशीबायचीच होती, हे सोमीला चांगलं ठाऊक होतं.

मग पाऊस लागला आणि राबावरचं रोप हातभर झालं. आवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी रामूच्या खाचरात सगळा पाडा उतरला. सोमी, जिव्या आणि दीपाही गेली, बोलावलं नव्हतं तरी. कुणी जा म्हटलं नाही, कुणी ये म्हटलं नाही. एका कडेच्या ओळी त्यांनी लावल्या. मग दुसऱ्याच्या खाचरात, मग तिसऱ्याच्या. प्रत्येक संध्याकाळी उद्या कुणाकडे ते ठरायचं, आणि सोमीच्या घराचं नाव कुणी घ्यायचं नाही. शेवटी बाकी कुणाचं खाचर राहिलंच नाही.

त्या सकाळी पाऊस धरून आला होता. तिघं आपल्या खाचरात उतरली. जिव्याने बैलांमागे चिखल केला होता, दीपाने रोपांच्या मुठी बांधून टाकल्या होत्या. सोमी ओळ धरून वाकली. डोक्यावर पानांचं इरलं, खाली गुडघाभर चिखल, आणि कान पायवाटेकडे. कुणी येत नव्हतं. ती एक रोप लावायची आणि बघायची. जिव्या मान वर न करता लावत होता. समोर सगळं खाचर रिकामं, पाण्याने भरलेलं. तिच्या मनात ते दुसरं घर आलं, आईच्या पाड्यातलं, ज्याच्यासमोरून ती पळत जायची. आता कुणाची तरी पोर आपल्या घरासमोरून तशी पळेल.

तेवढ्यात राखणीच्या बाजूने गळ्यातल्या लाकडी घंट्यांचा आवाज आला. ढोरं. खालच्या गावची मोकाट ढोरं पावसात इकडे चढतात.

"जाऊ दे," जिव्या ओरडला. "आज तरी जाऊ दे! आपला भात पडलाय इथं!"

पण सोमी हातातली मूठ टाकून बांधावर चढली होती. चिखलाच्या पायाने घसरत, पडत ती वर धावली. कुंपण मोडलं होतं. पाच-सहा ढोरं उताराच्या खालच्या अंगाला, अगदी कोंबांत, माना घालून चरत होती. ती ओरडली, काठी घेऊन धावली, एका बैलाने शिंग उगारलं तरी मागे हटली नाही. हाकलून हाकलून तिने ती कातळापलीकडे घातली. परत येऊन बघितलं तर खालच्या अंगाचे कोंब पार खुडले होते, चिखलात तुडवले होते. वरचे वाचले होते. तिने काटे ओढून फट बुजवली, हाताला काटे घुसले ते पावसात कळलेही नाहीत. मग तिने खाली बघितलं.

तिच्या खाचरात माणसं होती.

 आता काय? जिव्याने काही बोलून भांडण काढलं का? ती पुन्हा धावत सुटली. जवळ आल्यावर धारेतून नीट दिसलं. इरली वाकलेली होती. ओळीने वाकलेली, बांधापासून बांधापर्यंत. जिव्या मधे उभा होता, त्याच्या हातात रोपांची मूठ होती आणि ती लावायचं त्याला सुचत नव्हतं.

सोमी बांधावर येऊन उभी राहिली. कुणी वर बघितलं नाही. तिला धाप लागली होती. रामू बांधावर बसून मुठी फेकत होता.

"पाड्यातनं दिसली तू वर पळताना. काढली ढोरं?" त्याने विचारलं.

"काढली."

"खाल्ला किती?"

"खालच्या अंगाचा. वरचा हाय."

रामूने मान हलवली आणि पुढची मूठ फेकली. काशीबाय मागे न वळता म्हणाली, "तुझी ओळ तशीच हाय. ती काय आमी नाय लावनार."

सोमी चिखलात उतरली. खरंच, मधली एक ओळ अर्धवट तशीच होती, दोन्हीकडची भरलेली. ती वाकली. काटे घुसलेल्या बोटांत रोप धरवेना. एक तिरपं बसलं, दुसरं सुटून पाण्यावर तरंगलं, तिसरं तिने बोटभर जास्त खोल खुपसलं. काशीबायने शेजारच्या ओळीतून हात लांब करून ती तिन्ही उपटली, परत लावली, आणि सोमीच्या आईचा उद्धार करत तिला एक सणसणीत शिवी हाणली.

कितीतरी दिवसांत तिला कुणी अशी हक्काची शिवी दिली नव्हती. सोमीने तोंड खाली घातलं, इरल्याच्या आत, जिथे कुणाला दिसणार नाही, आणि रडत रडत पुढचं रोप सरळ लावलं.